रुमालाखालचा सौदा

कापसाचा भाव पडला, व्यापारी पांगले आणि दोन हजार सहा साली जुन्या कापूस बाजाराच्या इमारतीचं संग्रहालय झालं. दगडी कमानी, वर कौलं आणि आत ओळीनं सागवानाचे आठ खांब. बाबाराव इथला जुना मापारी. पन्नास वर्षं त्यानं कापूस तोलला, आता पहिल्या खांबापाशी स्टूल टाकून राखण करायचा. घरी रिकामं बसून कुणाचं भलं झालंय?

मधोमध सिमेंटचे दोन पुतळे बसवले होते, अडत्या आणि व्यापारी, दोघांच्या हातांवर लाल रुमाल. पूर्वी भाव असाच ठरायचा. रुमालाखाली जितकी बोटं दाबली तितका आकडा, आणि पटलं की तळव्यावर थाप. थाप पडली की शब्द फिरवायचा नाही.

सोमवारी रुमाल नीट करताना खालून कुणीतरी बाबारावाची चार बोटं दाबली. तो हात सिमेंटचा नव्हता, घामेजलेला होता. भास झाला असेल म्हणून म्हातारा पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. मंगळवारी चौथ्या खांबावरची तुळई सुटली आणि खाली रंग देणारा पोरगा, बादल, जागच्या जागी गेला. संग्रहालयाच्या साहेबांनी तुळई बसवून वर रंग मारून घेतला. गुरुवारी दुपारी उद्घाटन होतं. तारीख काय, माणसापेक्षा मोठी!

गुरुवारी सकाळी बाबारावानं भीत भीत पुन्हा रुमालाखाली हात घातला. आधी अख्खा पंजा दाबला गेला, मग दोन बोटं. सोमवारी चार होते, आता सात, म्हणजे सातवा खांब. स्वागतगीताच्या बारा पोरी तिथंच उभ्या राहणार होत्या, आणि त्यात त्याची नात मोनाली होती.

तो साहेबांकडे धावला. “साहेब, पोरींले सातव्या खांबापाशी उभं करू नका. थो पडते.”

“कोणी सांगितलं?”

“रुमालानं.”

“बाबाराव, सकाळी सकाळीच घेतली की काय?” साहेबांनी खांबावर बुक्की मारून दाखवली. खांब ठणठणीत होता.

मोनालीला घरी धाडावं, असं त्याच्या मनात आलंच. पण बाकीच्या अकरा काय रस्त्यावर पडल्या होत्या?

तो पुतळ्यांपाशी परतला. जन्मभर दुसऱ्यांचे सौदे पाहिले, स्वतः कधी केला नव्हता. त्यानं रुमालाखाली हात घालून समोरचं एकच बोट दाबलं. एक, म्हणजे पहिला खांब, त्याच्या स्टुलाचा.

उत्तरात पुन्हा सात आले.

“नाही,” बाबाराव पुटपुटला. “माह्याजोळ एवढंच आहे.” त्यानं एक बोट घट्ट धरून ठेवलं.

समोरचा हात बराच वेळ विचार करत राहिला. मग तळव्यावर थाप पडली.

दुपारी पाहुणे आले, पोरी रांगेत उभ्या राहिल्या. मोनालीनं हात हलवला. “आबा, जवळ या नं! तिथून आयकू येनार नाही.”

“येते वो माय, सारं आयकू येते,” स्टुलावर बसत तो म्हणाला. “तू म्हण.”

पेटी वाजली. पहिलं कडवं संपलं, तसा वरून त्याच्या खांद्यावर बारीक भुसा पडायला लागला. बाबारावानं तो झटकला नाही. मोनाली दुसरं कडवं नेहमी चुकायची, ते त्याला नीट ऐकायचं होतं.