दोन ब्रेकांची गाडी

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. आमच्या रस्त्यांवर जी माणसं इशारा देऊन नीट वळतात ती माझ्याकडे शिकलेली, आणि जी मध्येच घुसतात ती दुसरीकडे, असं मी कुणालाही बेधडक सांगते.

तो दुसरा ब्रेक सांभाळता सांभाळता माझा उजवा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला पर्याय नाही, आणि नंतर बरेच आठवडे पाय सरळ ठेवून पडून राहायचं. मुलांचे बाबा जहाजावर इंजिन सांभाळतात, त्यांची बोट इतक्यात परतणार नव्हती. घरात मी आणि दोन मुलगे. थोरला सोळाचा, धाकटा चौदाचा, आणि दोघांचाही आजवर असा समज की धुतलेले कपडे कपाटात आपोआप उगवतात.

माझ्या ताईने फोनवर परस्पर निकाल लावून टाकला. "तू माझ्याकडे ये. पोरांना तेवढ्यापुरतं होस्टेलवर टाक, मी तिथे बोलून ठेवते. बाईमाणसाचं करायला बाईच लागते गं."

फोन स्पीकरवर होता. थोरला भरल्या ताटावरून उठला. धाकटा मात्र जागचा हलला नाही. "आम्ही होस्टेलवर जाणार नाही, मावशी," तो म्हणाला, "आईचं आम्ही बघू."

"तुम्ही? आधी स्वतःचे मोजे बघा!" ताई म्हणाली.

ताईचा शब्द आमच्या घरात सहसा खाली पडत नाही. पण माझीही जीभ काही कमी नाही. मी म्हटलं, "महिनाभराने, ऑपरेशनच्या आधी ये आणि स्वतः बघ. नाही पसंत पडलं तर तू म्हणशील तसं." बोलून तर गेले. मला मुलांना सोडून जायचं नव्हतं. पडून राहायचंच असेल तर त्यांचे आवाज कानावर पडतील अशाच खोलीत पडायचं होतं.

मी कधीही गाडी चालू करून पहिला धडा देत नाही. ज्याला थांबवता येत नाही त्याने चालू करायचंच नाही, हा माझा नियम. तोच घरात लावला. आधी गॅस बंद कसा करायचा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, विजेचं मुख्य बटण कसं पाडायचं. तोंडपाठ झाल्यावरच काडी हातात दिली. मग भात, अंडी, भाज्या, इस्त्री, शिवण. धाकट्याने नवीन लाल टॉवेलबरोबर पांढरे शर्ट धुतले आणि थोरला दुसऱ्या दिवशी गुलाबी शर्टात शाळेत गेला, तोही मान ताठ ठेवून. थोरल्याने मांडीवर घेऊन बटण असं पक्कं लावलं की शर्ट त्याच्या पँटलाच शिवला गेला. मी हसून हसून बेजार झाले. पण पोरं शिकत गेली. दूध उतू जायच्या आत गॅस बारीक होऊ लागला, फरशी कोपऱ्यांसकट पुसली जाऊ लागली. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि सूचना द्यायची. "घाई नको. आधी बघ, मग हात घाल. हं, आता सोड."

ताई आली त्या रविवारी दोघांनी कमाल केली. भात मोकळा, भाजीत मीठ बेताचं, ओटा लख्ख. ताई पोटभर जेवली, दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मी मनातल्या मनात नारळाएवढी फुगले होते.

मग तिने मला गॅलरीत नेलं. "छान शिकवलंस. पण मी त्यांच्या हाताकडे बघतच नव्हते. थोरला गॅस बारीक करायच्या आधी तुझ्या तोंडाकडे बघतो. धाकटा मीठ टाकायच्या आधी तुझ्या भुवईकडे बघतो. आणि तू खुर्चीत बसून पाय दाबतेस."

"कुठला पाय?"

"हा. दूध वर आलं की तू फरशीवर ब्रेक मारतेस, बाई."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. कारण जो शिकाऊ तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत चालवतो, त्याला मी परीक्षेला कधीच पाठवत नाही. त्याला गाडी येत नसते, त्याला माझा ब्रेक येत असतो. हजारदा लोकांना सुनावलेली ही गोष्ट, आणि घरात मी दोन पोरं अगदी तशीच तयार केली होती. ऑपरेशननंतर मी गोळ्यांच्या गुंगीत पलीकडच्या खोलीत असणार. तेव्हा ते कुणाच्या भुवईकडे बघणार?

"चल खाली," मी ताईला म्हटलं. मुलांना सांगितलं, "आम्ही बाहेर चाललो. संध्याकाळचं जेवण तुमचं तुम्ही करा. फोन करायचा तर करा." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी दार ओढून घेतलं.

बाहेर म्हणजे कुठे, तर इमारतीखाली उभ्या असलेल्या माझ्याच गाडीत. वर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. ताई स्टिअरिंगसमोर बसली, तिला गाडीतलं हॉर्नशिवाय काही कळत नाही. मी माझ्या नेहमीच्या जागी, हातात फोन घेऊन. ताई तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत होती आणि मी नुसती हं हं करत होते.

फोन काही वाजला नाही. त्याऐवजी वरून ठोकल्याचा आवाज आला. ठक्, ठक्, मग काहीतरी जड घसरल्याचा. मग धाकट्याचं ओरडणं, "अरे धर ना, धर!" आणि पाठोपाठ खिडकीतून करपलेल्या भाताचा वास.

मी गाडीचं दार उघडलं. ताईने माझं मनगट धरलं. "परीक्षा चालू असताना तू पेपर हिसकावतेस का?"

"ताई, घर पाडतायत ती!"

"पाडू देत. आवाज येतोय म्हणजे जिवंत आहेत."

माझा एक पाय बाहेर पडलाच होता. पण बसले. वास कमी झाला. ठोकणं थांबलं. अंधार पडू लागला, वर दिवा लागला आणि दोन सावल्या भांडण नसल्यासारख्या शांतपणे हलताना दिसल्या. तेव्हा कुठे आम्ही जिना चढलो. मी कठड्याला धरून, ताई मागून.

दार उघडलं तर बाथरूमचं दार बिजागरीसकट निघून भिंतीला टेकलेलं. थोरला खुर्चीत बसलेला, त्याच्या उजव्या पायाला झाडूचा दांडा दोरीने करकचून बांधलेला. धाकट्याने त्याच्या काखेत खांदा दिला होता आणि तो त्याला उठवत होता.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

थोरला लंगडत वळला. "मावशी म्हणाली ना, बाईच लागते. आम्हाला कळलं होतं ती कशाबद्दल म्हणत होती ते. भाताबद्दल नव्हती म्हणत."

सबंध महिना मी त्यांना भात शिकवला, बटण शिकवलं, आणि मला बाथरूमला नेण्याचा हा एकच विषय टाळला. लाज वाटत होती मला. मुलांची नाही, माझीच.

"दार आत उघडतं," धाकटा कान लाल करून सांगू लागला. "पाय सरळ असला की वळताच येत नाही, दादाने करून बघितलं. म्हणून काढलं. उद्या पडदा लावतो. आणि आम्ही आत थांबणार नाही. तुला बसवायचं, बाहेर पाठ करून उभं राहायचं. तू हाक मारलीस की यायचं."

"आणि भात?" ताईने विचारलं.

"या नादात करपला. पातेलं भिजत घातलंय. अंडी उकडलीत, भाजी झालीय."

कुणीही माझ्याकडे बघून उत्तर देत नव्हतं. ताई ते दार बघत राहिली, चौकटीवरच्या बिजागरीच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग पदराने डोळे टिपले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "स्क्रू वाटीत ठेवलेत ना नीट? आणि पडदा जाड लावा. होस्टेलवाल्याला मी नाही म्हणून कळवते."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. थोरल्याने पायाची दोरी सोडली आणि खुर्ची रिकामी केली. "आई, आता तू बसून बघ. खरा पाय तुझाच आहे."

मी बसले, पाय सरळ केला. धाकट्याने माझा हात त्याच्या गळ्यात घेतला, थोरल्याने दुसऱ्या बाजूने कमरेला धरलं. उठताना मी एक हात भिंतीला लावला.

"भिंत सोड," धाकटा म्हणाला. "अगं, अर्धंच वजन टाकतेयस. सगळं टाक."

मी भिंत सोडली आणि सगळं टाकलं.