मुसकी

तिचं लहानपण तळघरातल्या एका खोलीत गेलं. खोलीला खिडकी एकच, तीही छताला टेकलेली आणि बाहेरून रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. रोज सकाळी बर्फाची गाडी समोर थांबायची, तेव्हा घोड्याचेही चार पायच दिसत. एकदा त्या घोड्यानं मान खाली घालून खिडकीला नाक लावलं आणि काचेवर श्वासाचं धुकं धरलं. सात वर्षांची पोर आईला म्हणाली, "मी मोठी झाले की घोडा घेणार." आई म्हणाली, "घे बाई. आधी ताटातलं संपव."

मोठी झाल्यावर ती इस्पितळात एक्स-रे काढू लागली. छत्तीस वर्षं तेच काम. सगळे तिला फोटोवाल्या ताई म्हणत. घोड्याचं वेड तिनं कधी लपवलं नाही, त्यामुळे थट्टेला आयता विषय मिळाला.

"ताई, तुमचं घोडं अडलंय कुठं?" वॉर्डबॉय विचारायचे.

"जिन्यात. लिफ्टमध्ये मावत नाही."

घरी मात्र वह्या भरत होत्या. चाऱ्याची मापं, शेडची रेखाटनं, कुठल्या आजारात काय करायचं. नवरा बाइंडर, पुस्तकं बांधायचा. पाच वह्या झाल्या तेव्हा त्यानं त्या एकत्र शिवून वर कापडी पुठ्ठा चढवून दिला. "नाचव आता कागदी घोडे," म्हणाला. त्याला स्वतःला घोड्यांची धास्ती होती. एवढं मोठं जनावर आणि त्याला ब्रेक नाही, असं त्याचं म्हणणं.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा दोघांनी राहतं घर विकलं आणि वस्तीच्या टोकाला दोन खोल्या, पत्र्याची शेड आणि मागं कुंपण घातलेलं गवताचं रान, अशी जागा घेतली. जवळचीच एक घोडेस्वारीची शाळा बंद पडत होती. तिथली चौदा वर्षांची घोडी तिनं पाहताक्षणी पसंत केली. रंग तापल्या दुधावरच्या सायीसारखा, म्हणून नाव साय. पण शाळेचा मालक म्हणाला, "एकटं घोडं राहत नाही, झुरतं. हा म्हातारा तिच्या जोडीचा आहे. न्यायचं तर दोघांना न्या." म्हाताऱ्या घोड्याचा खालचा ओठ कायम लोंबत असे आणि चेहरा असा, की जणू कुणीतरी त्याला न विचारता त्याचं लग्न ठरवलंय. बाइंडरनं त्याचं नाव ठेवलं मामा.

साय आणि मामा गाडीतून उतरले त्या दिवशी तिनं काही केलं नाही. शेडच्या दारात उलटी बादली टाकून बसली आणि बघत राहिली. नवऱ्यानं चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

जनावरांची डॉक्टर तरुण, चटपटीत मुलगी होती. सायीच्या मानेवरची चरबी दाबून म्हणाली, "काकू, ही हवा खाऊन फुगणाऱ्यातली आहे. कोवळ्या गवतात साखर असते. ती जास्त झाली की हिचे पाय जातील, खुराच्या आत सूज येते. रानात सोडाल तेव्हा तोंडाला मुसकी बांधा. खालच्या भोकातून चार काड्या मिळतील तेवढंच. मामाला काही नको, त्याच्या अंगाला काही लागत नाही."

वहीत हे सगळं लिहिलेलंच होतं. रोज सकाळी कामावर जाण्याआधी ती सायीला मुसकी बांधायची आणि दोघांना रानात सोडायची. दिवसभर घरी बाइंडर. संध्याकाळी ती परतली, की तिनं मुसकी काढायची.

पहिले दोन महिने बाइंडर कुंपणाबाहेरूनच बोलायचा. मग एक दिवस ती लवकर परतली, तर कुंपणाच्या आतून त्याचा आवाज आला. हा माणूस लग्नानंतर आठवड्याला चार वाक्यं बोलणारा. तो सायीच्या मानेला टेकून सांगत होता, "काय सांगू तुला, पूर्वी पुस्तकं चिकटवायचा सरस घरी शिजवायचो. असला वास सुटायचा, की हिनं मला गॅलरीत झोपायला लावलं होतं." साय कान त्याच्याकडे वळवून उभी होती. बायको पाऊल न वाजवता मागं फिरली, अर्धा तास रस्त्यावर उगाच फेऱ्या मारल्या आणि मग फाटक मुद्दाम जोरात वाजवून आत आली. त्या आठवड्यात ती इस्पितळात गुणगुणत होती, असं लोक सांगतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, संध्याकाळी मुसकी काढताना तिच्या लक्षात आलं. आतली बाजू कोरडी होती. दिवसभर तोंडाला बांधलेली मुसकी लाळेनं ओली व्हायला हवी. दुसऱ्या दिवशीही कोरडीच. तिला कळायचं ते कळलं. ती कामावर गेली की तो मुसकी काढत होता आणि ती यायच्या सुमाराला पुन्हा बांधत होता.

बोलावं, असं तिला रोज वाटे. पण तो जेवताना सायीच्या गमती सांगायला लागायचा आणि तिच्या ओठांवरचं तिथंच राहायचं. रविवारी बोलू. हा आठवडा जाऊ दे. थोडं तर गवत आहे. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी साय शेडमधून निघेना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्यांवर घेऊन उभी होती, जणू जमीन चटके देत होती. तिनं खुराला हात लावला. खूर तव्यासारखा तापला होता.

डॉक्टर पेटीएवढं एक्स-रे मशीन घेऊन आली. प्लेट धरायला ताईच उभ्या राहिल्या. डॉक्टर बटण दाबताना सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हलू नका हं." डॉक्टर हसली. मग पडद्यावर चित्र उमटलं. डॉक्टर शब्द जुळवत होती.

"काकू, म्हणजे कसं आहे…"

"दिसलं मला," ती म्हणाली. खुराच्या आतलं हाड सुटलं होतं. त्याचं टोक खाली वळून तळव्याला भिडलं होतं. दोन्ही पायांत.

"मुसकी बांधत होतात ना रोज?"

दारात बाइंडर बादली घेऊन उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कंटाळा यायचा मला," ती म्हणाली. "घाईत राहून जायचं."

"काकू, मी इतकं बजावलं होतं तुम्हाला!" डॉक्टर एरवी अशी बोलत नसे. ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

अकरा दिवस प्रयत्न केले. शेडमध्ये गुडघाभर भुसा अंथरला, पाय बर्फाच्या पाण्यात धरले, इंजेक्शनं झाली. बाराव्या दिवशी हाडाचं टोक तळव्यातून बाहेर दिसलं. डॉक्टरनं विचारलं नाही, सांगितलं: आता शेवटचं इंजेक्शन. भर दुपारी, लख्ख उन्हात, तिनं सायीचं डोकं मांडीवर घेतलं. बाइंडरनं दोरी धरली होती. डॉक्टर म्हणाली, "काका, तुम्ही आत गेलात तरी चालेल." तो जागचा हलला नाही. सगळं उरकल्यावरही दोरी त्याच्या हातातून सोडवून घ्यावी लागली.

दोन दिवसांनी तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"खोटं का बोललीस?"

"अर्धंच खोटं होतं." तिनं कोरड्या मुसकीचं सांगितलं.

"तुला माहीत होतं?"

"तीन आठवडे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिच्याशी बोलत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, मी बोलले तर ते थांबेल."

तो खुर्चीत बसला. म्हणाला, "खाणाऱ्याच्या तोंडाला काहीतरी बांधायचं, मला बघवेना गं. पण तू दोन शब्द रागावली असतीस, तर आज ती असती." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानंतर काही दिवस दोघं एकमेकांना फक्त "मीठ", "दार", "पाणी" एवढंच म्हणत होते.

मामानं चारा सोडला. दिवसभर कुंपणाच्या कडेनं चकरा मारायचा आणि मध्येच थांबून रस्त्याकडे तोंड करून खिंकाळायचा. एवढ्या महिन्यांत त्याचा आवाज त्यांनी क्वचितच ऐकला होता. डॉक्टर म्हणाली, "एक तर जोडीला दुसरी आणा, नाहीतर याला सोबतीत पाठवा. माझ्या ओळखीचे एकजण आहेत, त्यांच्याकडे पाच घोडी आहेत."

"दुसरी नको," ती म्हणाली. "माझा स्वतःवर भरवसा नाही."

मामाला न्यायला ट्रक आला, तेव्हा डॉक्टरही आली होती. मामा फळीवरून खूर वाजवत सरळ आत चढला, त्यानं वळूनही पाहिलं नाही. फळी बंद झाल्यावर बाइंडर डॉक्टरपाशी गेला.

"डॉक्टर, मुसकी मी काढायचो. ही बांधायची. रोज बांधायची."

डॉक्टरनं एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मान हलवली आणि गाडीत बसली. तिनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो ठेवू दिला.

मामा तिकडे रुळला, खायला लागला, असं आठवड्यानं कळलं. ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी घोड्याची थट्टा कुणी केली नाही.

इकडे रान माजलं. खाणारं कुणी नाही, तेव्हा गवत कमरेपर्यंत वाढलं. शेवटी बाइंडरनं यंत्र घेऊन एक माणूस बोलावला आणि सगळं एका सकाळी कापून घेतलं. कापल्या गवताचा गोड वास दोन दिवस घरभर होता. तिनं खिडक्या लावून घेतल्या, तरी तो येतच राहिला.