लॉरेन्स सरांची खुर्ची

मी एक लोखंडी खुर्ची, घडीची. अंधेरीच्या एका गावठाणातल्या फुटबॉल क्लबची. आता गंजलेय, एक पाय थोडा आखूड पडलाय, पण बोलण्याएवढी शाबूत आहे.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात माझे पाइप वाकवले, जोड मारले, हिरवा रंग दिला. क्लबने मला घेतलं होतं पाहुण्यांसाठी. पहिल्याच दिवशी कोच लॉरेन्स सर माझ्यावर बसले आणि पाहुणे कायमचे उभे राहिले. पुढची वीसेक वर्षं मी मैदानाच्या कडेला त्यांच्या वजनाखाली काढली.

सर ओरडत नसत. आवाज मुळातच बारीक. त्यांनी टोपीची खूण ठरवली होती. टोपी डोक्यावर असेपर्यंत आपापली जागा सांभाळायची. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की सगळ्यांनी पुढे चढायचं. समोरच्या टीमला हे कधी कळलं नाही.

मागच्या वर्षी सरांचे गुडघे गेले आणि बोरीवलीचा निहार आला. कोचिंगची परीक्षा पास झालेला, शांत, मेहनती. क्लबने सरांचा सत्कार केला आणि प्रेमापोटी ठरवून टाकलं, की सर मॅच बघायला येतील तेव्हा त्यांची खुर्ची नेहमीच्याच जागी लागेल. निहार माझ्या बाजूला उभा राहू लागला. त्याला कुणी बस म्हटलं नाही, त्यानेही जागा मागितली नाही.

मुलं त्याचं ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि खेळ सुरू झाला की माझ्याकडे बघायची. टीम हरत गेली. निहारचे खांदे मॅचगणिक खाली येत गेले.

एका दुपारी आम्ही एका गोलने पुढे होतो. ऊन फार होतं. सरांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी गुडघ्यावर ठेवली. अख्खी टीम पुढे धावली. निहार घसा फोडून मागे बोलावत होता. समोरच्यांनी रिकाम्या मैदानात पाठोपाठ दोन गोल केले.

मॅच संपल्यावर कॅप्टन जेफ्री म्हणाला, "सरांनी टोपी काढली ना."

"त्यांना गरम होत होतं, जेफ्री," निहार म्हणाला.

सरांनी माझा पाइप घट्ट धरला. बराच वेळ सोडला नाही.

नंतर कमिटीने निहारला सरळ सांगितलं. शेवटची मॅच हरलो तर टीम खालच्या डिव्हिजनमध्ये जाईल, आणि मग तुझंही काही खरं नाही. 

त्या मॅचला सर लंगडत आले. त्यांनी मला स्वतः उचललं, फिरवलं आणि मैदानाकडे पाठ करून बसले. समोर नुसती कंपाउंडची भिंत.

"सर, मॅच इकडे आहे," निहार गोंधळून म्हणाला.

"मला ऐकू येते रे. तू बघ."

मलाही काही दिसत नव्हतं. बॉलचे आवाज, बुटांचे आवाज. सुरुवातीला मुलं गप्प होती, भांबावलेली. सर एकदा वळायला गेले, आणि परत भिंतीकडे तोंड करून बसले. मग उत्तरार्धात लांबून जेफ्रीची हाक आली.

"निहार, वर जाऊ का?"

"नको. थांब तिथेच."

सरांनी श्वास सोडला तो मला पाठीत जाणवला. मॅच गोल न होता सुटली. तेवढ्यावर टीम वाचली, निहारही राहिला.

सर आता येत नाहीत. जाताना सगळ्यांसमोर म्हणाले होते की खुर्ची निहारची. तरी तो बसत नाही. माझ्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवतो आणि शेवटपर्यंत उभा राहतो, पाय बदलत. मुलं मला हळूच पुसतात, जणू देव्हाऱ्यातली मूर्ती.

मला पुसू नका. आणि निहार, मुलं आता तुझ्याकडे बघतात. बसून सांगितलंस तरी ऐकतील. तू दमलायस, मला दिसतंय. बाटल्या खाली ठेव आणि जरा टेक.