सईबाईंचा जमखाना आणि चार दिवसांचा समुद्र

मित्रांनो, माझी लांबी बारा हात आहे. तुमच्याएवढी वीस मुलं माझ्यावर मांडी घालून बसली, तरी कुणाचा गुडघा कुणाला लागायचा नाही. मी सुती जमखाना, म्हणजे जाड, पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी आहे. माझ्या अंगावर लाल, हिरवे, पिवळे आणि काळे पट्टे आहेत. हिरवा अजून हिरवाच आहे, पण लाल आता विटकरी दिसतो. वय झालं, त्याला काय करणार?

माझा जन्म कावेरीच्या काठी, भवानी गावात झाला. एक नवरा-बायको मागाच्या खड्ड्यात पाय सोडून शेजारी शेजारी बसत आणि दोघं मिळून मला विणत. माझी रुंदी एकट्याच्या हातात मावणारी नव्हती. एकानं धोटा टाकायचा, दुसऱ्यानं तो झेलायचा. त्यांचं बोलणं फारसं नसे, पण त्या धोट्याच्या आवाजात मला झोप येई. तसाच झोपेझोपेत मी पुरा झालो.

तंजावरचे दत्ताजी नावाचे एक मराठी कारकून मला विकत घ्यायला आले. त्यांच्या मुलीचं, सईबाईचं, लग्न ठरलं होतं. परतताना बसचा कंडक्टर म्हणाला, "हे टपावर टाका." दत्ताजी ऐकेनात. साऱ्या वाटभर त्यांनी मला मांडीवर आडवं धरलं. पुढे सईबाईंबरोबर मी चेन्नईला आलो, तिरुवान्मियूरच्या एका लहानशा घरात, समुद्रापासून तीन गल्ल्या अलीकडे.

माझी खरी कामाची वर्षं तिथं गेली. सईबाई गल्लीतल्या मुलांना गणित शिकवत. रोज संध्याकाळी पंधरा-वीस मुलं माझ्यावर बसत. शाई सांडे, चिंचेच्या भाताचं तेल सांडे. भागाकार चुकला की एखादी मुलगी माझे गोंडे ओढत बसे. नवरात्रात शेजारणी मला मागून नेत, कारण सणासाठी घरोघरी मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे गायला बसणाऱ्या बायकांना मी पुरत असे. "काय वीण आहे!" असं म्हणून त्या माझ्यावरून हात फिरवत. खरं सांगतो, तेव्हा मला थोडा गर्व झाला होता.

मग मुलं मोठाल्या क्लासना जाऊ लागली. घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सईबाईंचे यजमान गेले आणि त्यांचे स्वतःचे गुडघेही जमिनीवर बसू देईनात. एके दिवशी मला गुंडाळून, सुतळीनं बांधून माळ्यावर ठेवलं. तिथं मी आठ वर्षं होतो. उंदरानं माझा एक कोपरा कुरतडला. दुपारी वारा सुटला की माळ्याच्या झरोक्यातून समुद्राचा आवाज येई. तो ऐकत मी पडून राही. इतक्या जवळ राहूनही मी समुद्र कधी पाहिला नव्हता.

आणि मग एका डिसेंबरात सहामाही परीक्षा संपल्यावर गिरिधर, नित्या आणि मुलं आली.

गिरिधर हा सईबाईंचा धाकटा भाऊ. राहायला अण्णा नगरात आणि नोकरी पार गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात. सकाळी मुलं उठायच्या आत तो निघे आणि ती झोपल्यावर परते. त्याची बायको नित्या अण्णा नगरातच एका ऑफिसात होती. भव्या आठ वर्षांची, अक्षत चार वर्षांचा. समुद्र त्यांच्याच शहरात, पण अक्षतनं तो फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेला. त्या वर्षी गिरिधरला चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा सईबाईंनीच फोनवर बजावलं होतं, "हॉटेल कशाला रे? माझं घर काय पळून गेलं? मुलांना घेऊन इकडेच ये."

आल्या आल्या भव्या माळ्यावर चढली आणि तिनं मला खाली ढकललं. केवढी धूळ उडाली!

"अय्यो, टाकायची वस्तू ती, कशाला काढलीस?" सईबाई म्हणाल्या.

पण भव्यानं सुतळी सोडली होती. अक्षत माझ्या टोकाशी आडवा झाला आणि भव्यानं त्याला माझ्यात गुंडाळलं. "तू बटाट्याची भाजी, आणि हा डोसा!" आठ वर्षांनी माझ्या अंगाशी कुणीतरी हसत होतं. त्याच्या हसण्यानं माझे धागे थरथरले.

"आत्या, हा बीचवर नेऊया?" भव्यानं विचारलं.

सईबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "न्या. फार जड आहे. दोघांनी धरा."

मित्रांनो, तो पहिला दिवस मी कसा सांगू? गिरिधर पुढे, नित्या मागे, दोघांच्या खांद्यांवर मी. गल्ली संपली आणि वाऱ्याला एकदम खारट वास आला. वाळूवर मला अर्धाच उलगडला. उरलेला अर्धा तसाच गुंडाळलेला ठेवला, म्हणजे पाठ टेकायला लोड झाला. वाळूचा बारीक कण न् कण माझ्यात शिरला. समोर पाणी येत होतं, जात होतं. ते जाताना वाळूवर जी ओल उरे, तिच्यात आभाळ दिसे. पाहता पाहता मला पुन्हा मागावर असल्यासारखं वाटलं, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. भव्या ओरडत पाण्यात पळाली. सईबाईंनी घरून टोपलीत आणलेली वाटाण्याची सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली कोरडी उसळ, कागदाच्या पुड्यांत भरून सगळ्यांना दिली.

अक्षत मात्र माझ्यावरून खाली उतरेना. लाट आली की तो पाय आखडून घेई आणि भव्या पाण्यातून "भित्रा!" म्हणून चिडवी.

"भितो की काय?" गिरिधर हसला. "उद्या मी तुला हात धरून पाण्यात नेतो. अप्पा असताना कसली भीती?"

"नक्की?"

"नक्की."

इतक्यात त्याचा फोन वाजला. कारखान्यात कुठलंसं यंत्र बंद पडलं होतं. तो बोलत बोलत दूर, कोळ्यांच्या होड्यांपर्यंत गेला आणि अंधार पडायच्या बेतात परतला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. अक्षत चड्डी वर दुमडून तयार बसला होता. फोन आला. "पाच मिनिटं हं, कण्णा," गिरिधर लाडानं म्हणाला. ती पाच मिनिटं सूर्य कलला तरी संपली नाहीत. अक्षत रडला नाही. माझ्या काळ्या पट्ट्यावर बोट फिरवत तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहिला.

तिसऱ्या दिवशी वारा जोराचा होता आणि लाटा उंच होत्या. भव्याच्या डोळ्यांत वाळू गेली, म्हणून नित्या तिचे डोळे धुवायला तिला नळाकडे घेऊन निघाली. जाताना म्हणाली, "अहो, अक्षतकडे बघा."

गिरिधरच्या कानाला फोन होता. त्यानं मान हलवली. मी ती मान हलताना पाहिली. नित्यानंही पाहिली आणि ती गेली.

गिरिधर बोलता बोलता उठला. वाऱ्यानं ऐकू येईना म्हणून आमच्याकडे पाठ करून वीसेक पावलं चालला. अक्षतनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याला थंडी वाजली असावी. तो माझ्या गुंडाळीच्या तोंडाशी आला आणि पाय आधी घालून आत सरकला, अगदी छातीपर्यंत. मग मानही आत घेतली. बाहेर एक टॉवेल पडला होता, तो वाऱ्यानं उडून गुंडाळीच्या तोंडावर अडकला.

आत ऊब होती. समुद्राचा आवाज माझ्या थरांमधून गाळून, मऊ होऊन त्याच्यापर्यंत पोचत होता. त्यानं मुठीत माझा एक गोंडा धरला. थोड्या वेळानं मूठ सैल झाली. तो झोपला. माझ्यावर इतकी वर्षं इतकी मुलं बसली, पण माझ्या आत झोपलेलं हे पहिलंच.

नित्या भव्याला घेऊन परत आली.

"अक्षत कुठाय?"

गिरिधरनं मागे वळून पाहिलं. कानावरचा फोन खाली आला. "इथंच तर होता."

पुढचं सांगताना अजून मला कसंतरी होतं. दोघंही पाण्याकडे धावली. नित्या किनाऱ्यानं एका दिशेला, गिरिधर सरळ पाण्यात, कपड्यांसकट. जाळं दुरुस्त करणारे दोन कोळी उठले. एकानं होडीवर चढून पाण्यावर नजर टाकली. मक्याची कणसं भाजणारी बाई निखारे तसेच सोडून धावली. "अक्षत! अक्षत!" सगळे हाका मारत होते आणि त्या हाका वारा उलटा घेऊन जात होता.

मला ठाऊक होतं! एवढ्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. मी एक पट्टा तरी हलवू पाहिला. आम्हाला हलता येत नाही, मित्रांनो. आम्हाला फक्त धरून ठेवता येतं.

थर्मासमध्ये कॉफी घेऊन सईबाई तेव्हाच पोचल्या. नित्या त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चिरकत होता. "वन्सं, मी सांगून गेले होते हो. यांनी मान हलवली होती."

सईबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "आता ते नको. तू त्या होड्यांकडे जा, मी रस्त्याकडे बघते." मग त्या भव्याकडे वळल्या. "तू इथनं हलू नको. एकजण तरी मज दिसत राहा."

भव्या माझ्यावर बसली. ती रडत होती आणि रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून ओठ चावत होती. "मी त्याला भित्रा म्हटलं," ती हळूच म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, तिथं मीच होतो. मग दमून तिनं गुंडाळीला पाठ टेकली.

ती एकदम ताठ झाली. पुन्हा पाठ टेकली. मग वळून दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले आणि श्वास रोखून थांबली.

"अम्मा!" ती किंचाळली. "अम्मा, जमखाना श्वास घेतोय!"

नित्या धावत आली. तिनं मला उलगडलं नाही, फाडायलाच आली होती म्हणा ना. तिची नखं माझ्या विणीत रुतली. एक वेढा, दोन वेढे, आणि अक्षत वाळूवर गडगडला. गाल लाल, केस घामानं चिकटलेले, गोंड्याचा एक दोरा तोंडात. नित्यानं त्याला इतकं घट्ट धरलं की तो कुरकुरला.

गिरिधर पाण्यातून धावत आला. छातीपर्यंत भिजलेला, पायातली एक चप्पल गेलेली. अक्षतनं डोळे चोळले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अप्पा," तो म्हणाला, "तू माझ्याशिवाय पाण्यात गेलास?"

गिरिधर गुडघ्यांवर बसला. मी त्याचे अश्रू मोजले नाहीत. समुद्राचं पाणी आणि ते, दोन्ही खारटच, आणि दोन्ही माझ्यातच मुरत होती.

त्या संध्याकाळी नित्या त्याच्याशी बोलली नाही. घरी परतताना माझं मागचं टोक सईबाईंनी धरलं, गुडघे दुखत असूनही. गल्लीत त्या भावाला एवढंच म्हणाल्या, "गिरी, कारखाना उद्या तुझ्याजागी दुसरा माणूस आणेल. या मुलांना तुझ्याजागी दुसरा बाप कोण आणून देणार?"

चौथ्या दिवशी त्यानं फोन घरातच, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला. समुद्र शांत होता. मला या वेळी पुरा उलगडला, बाराच्या बारा हात. गिरिधरनं अक्षतचा हात धरला आणि दोघं पाण्याकडे चालू लागले. फार सावकाश. अक्षत थांबला की गिरिधर थांबे. पहिली लाट पायाला लागताच अक्षत बापाच्या मांडीला बिलगला. दुसऱ्या लाटेला त्यानं खाली पाहिलं. पायांखालची वाळू सरकत होती. "अप्पा, जमीन पळते!" असं तो ओरडला आणि हसला. कितीतरी वेळ दोघं तसेच उभे होते. मग नित्या उठली, चुडीदार वर दुमडला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. गिरिधरकडे तिनं पाहिलं नाही. पण अक्षतचा दुसरा हात धरला.

सईबाई माझ्यावर बसल्या होत्या, आठ वर्षांनी. उठताना भव्याचा खांदा लागला, पण बसल्या होत्या खऱ्या.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला गच्चीत नेऊन झटकलं. वाळूचा ढीग पडला. गोड्या पाण्यात रिठे घालून मला धुतलं, सावलीत वाळवलं, उंदरानं खाल्लेल्या कोपऱ्याला जुन्या साडीचा तुकडा लावला. मग मला हॉलमध्ये अंथरलं. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीशी गेल्या. परवा शेजारची एक मुलगी वही घेऊन आली आणि अपूर्णांक कळत नाहीत म्हणून माझ्यावर येऊन बसली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर माझ्यासारखं कुणीतरी असेल. एखादी सतरंजी, एखादी गोधडी. तिला खाली काढा. झटका, धुवा, सावलीत वाळवा, फाटलं असेल तिथं टाका घाला. माळ्यावर ठेवलं म्हणजे वस्तू जपली असं होत नाही, ती फक्त राहून जाते. आणि काढलीत की एकदा सगळे मिळून तिच्यावर बसा, मोठ्या माणसांनाही खाली बसायला लावा. त्यांना वेळ नसतो. तुम्ही हाताला धरून ओढा.