मधल्या फटीतला गाळ

आंबेनळी घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला की ऋत्विक गाडी कडेला घेई आणि यशराजला फोन लावी. यशराज महाडहून मोटारसायकलवर पाण्याचा कॅन घेऊन येई आणि न चुकता म्हणे, "क्लचवरून पाय काढ रे! घाट चढतोयस की शिलाई मशीन चालवतोयस?"

गाडी मूळची यशराजचीच. ऋत्विकने ती त्याच्याकडून विकत घेतली होती. अबोल ऋत्विकला तेवढा एकच मित्र. इंजिन निवेपर्यंत दोघे कठड्यावर बसत. त्या बसण्याचा त्याला असा लळा लागला होता, की दोष आपल्या पायाचा, हे त्याने मुकाट्याने मान्य करून टाकले होते.

शेवटी त्याने गाडी पोलादपुरात मुरादभाईंच्या गॅरेजमध्ये आणली. यशराजही आला.

मुरादभाईंनी पाणी पाहिले, पंखा फिरवून पाहिला, थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात सोडला. तो बिनतक्रार उघडला. वॉटरपंपही कुठे गळत नव्हता.

"सपाटीला तापत नाय, चढावाला तापते," ते म्हणाले. "वारा आत पोचत नाय. एसीची जाळी सोडवून मागचा रेडिएटर बघायला हवा."

"कशाला, मुरादभाई?" यशराज घाईने म्हणाला. "पुढून चकाचक तर आहे. यालाच चालवता येत नाही."

"चालवता येत नाय म्हणून घाटातला वारा रुसत नाय, शेट."

बोल्ट सुटले. दोन जाळ्यांमधली बोटभर फट उघडी पडली आणि ऋत्विक पाहतच राहिला. रेडिएटरवर करड्या, मऊ मातीचा थर विटेसारखा वाळून बसला होता. त्यात भाताची एक काडी रुतलेली होती.

हा गाळ त्याच्या ओळखीचा होता. सावित्रीचे पाणी महाडात शिरले, त्या वर्षी त्याने यशराजच्या घरातून तो फावड्याने उपसला होता. कितीतरी दिवस नखांना त्याचा वास येत होता. उंबऱ्यातच त्याने विचारले होते, "गाडी तरी वाचली ना?" यशराज म्हणाला होता, "मामाकडे होती, वर हिरकणीवाडीला." त्या उत्तराने ऋत्विकला स्वतःचेच काही वाचल्यासारखे हायसे वाटले होते. पुढे त्याच भरवशावर त्याने ती विकत घेतली होती.

"पुरात बुडालेली हाय ही," मुरादभाई काडी उपटत म्हणाले. "कुणीतरी फक्त तोंड धुवून दिलंय."

यशराज गाळाकडे पाहत होता. "सगळं गेलं होतं रे. तू असा आशेनं विचारलंस... नाही म्हणवलं नाही."

"आणि विकताना?"

यशराजने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली.

"आणि क्लच?" ऋत्विकने फार हळू विचारले.

यशराजने मोटारसायकलला किक मारली आणि तो महाडच्या दिशेने निघून गेला.

मुरादभाईंनी मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार धरली. गाळ विरघळून अंगणभर पसरला, गटाराला लागला. जाळ्या पुन्हा जागच्या जागी बसल्या.

ऋत्विक एकटाच घाट चढला. काटा मधोमध खिळल्यासारखा स्थिर होता. नेहमीच्या कठड्यापाशी त्याचा हात सवयीने खिशातल्या फोनकडे गेला. त्याने गाडी थांबवली, बॉनेट उघडले, आत वाकून पाहिले. कुठे वाफ नव्हती, उकळल्याचा आवाज नव्हता. तक्रार करावी असे त्या इंजिनात काहीच उरले नव्हते.

त्याने बॉनेट मिटले आणि क्लचवरचा पाय जपून उचलत गाडी पुढे काढली.