सोनं कुणाच्या हवाली

बँकेचं पत्र २०१६च्या एप्रिलमध्ये आलं. झूटरमेरची शाखा लहान करायचं ठरलं होतं आणि तळघरातले लॉकर कायमचे बंद होणार होते. सप्टेंबर संपायच्या आत आपापल्या वस्तू घेऊन जाव्यात, असं त्यात लिहिलं होतं. शर्मिलाने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून शिलाई मशीनच्या खणात टाकलं आणि हातातली पँट आधी पुरी केली, कारण गिऱ्हाईक चार वाजता यायचं होतं.

त्या लॉकरमध्ये वीस-वीस ग्रॅमची सोन्याची अकरा बिस्किटं आणि चांदीच्या किलो-किलोच्या चार विटा होत्या. दागिना एकही नव्हता. हे सगळं तिने सात वर्षांत शिलाईच्या कमाईतून एकेक करून घेतलेलं होतं. नवऱ्याच्या, शिरीषच्या मागोमाग ती नव्व्याण्णव साली हॉलंडला आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. पहिली दहा वर्षं घर, मुलगी आणि डच भाषेचे वर्ग यांतच गेली. मग तिने कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. आल्टर करायचे सूट, पडद्यांच्या कडा, हेगच्या भारतीय बायकांचे ब्लाउज, जे येईल ते ती शिवायची. दुकान काढल्यावर काही महिन्यांनी तिने सरकारी पेन्शनचा हिशेब मागवला, तेव्हा कळलं की आपण इथे उशिरा आलो म्हणून म्हातारपणी तीस टक्के कमी मिळणार. शिरीषला कंपनीचं पेन्शन होतं. तिला, स्वतःचं दुकान असल्यामुळे, तेही नव्हतं. "माझं आहे ना, ते दोघांचंच," असं शिरीष म्हणाला होता, आणि तो मनापासूनच म्हणाला होता. पण शर्मिलाने त्याच महिन्यात पहिलं बिस्किट घेतलं.

आता ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. घरात ठेवायची सोयच नव्हती. आदल्या दिवाळीत, सगळी मंडळी कार्यक्रमाला गेलेली असताना, त्यांच्याच गल्लीतल्या एका भारतीय कुटुंबाचं घर फोडलं होतं. चोरांनी टीव्हीला हातही लावला नव्हता, फक्त कपाटं उपसली होती.

शिरीषने यावर दोन दिवसांत तोड काढली. सुदर्शन हा त्याचा वीस वर्षांचा मित्र. विमानतळावर मालवाहतुकीत बरीच वर्षं काढून त्याने तिथेच जवळ बाडहूव्हडॉर्पला स्वतःची तिजोरी-कंपनी काढली होती. लोकांचं सोनं-चांदी सांभाळायचं, भाडं घ्यायचं नाही, उलट वर्षाला दोन टक्के द्यायचे. ओळखीतल्या दहा-बारा घरांनी आपलं सोनं त्याच्याकडे ठेवलंही होतं. शिरीषने त्याला फोनवर सांगूनच टाकलं, की आमचंही येतंय.

"मी आधी बघून येते," शर्मिला म्हणाली.

"सुदर्शनकडे बघायचं काय आहे?"

"सुदर्शनभावजींना नाही, तिजोरीला."

तिने एक वही केली. काय विचारायचं ते मराठीत लिहिलं आणि शेजारी डचमध्ये. सुरुवात मात्र तिने दुसरीकडून केली. अॅमस्टरडॅमच्या एका मोठ्या कंपनीत गेली. तिथे संगमरवरी जिना होता आणि कॉफीबरोबर चॉकलेट होतं. सूट घातलेल्या मुलाने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय अदबीने सांगितलं, की आमच्याकडे सुरुवात होते ती तुमच्या पाचपटीपासून. मग तिने एका परदेशी कंपनीचं ॲप बघितलं. त्यात सगळं बसल्या जागी होत होतं, पण सोनं स्वित्झर्लंडमध्ये राहणार होतं आणि ते हातात हवं असेल तर किती दिवसांनी मिळेल, याचं उत्तर तीन ईमेल पाठवूनही सरळ येईना. तिने वहीतल्या त्या पानावर काट मारली.

जूनमधल्या एका शनिवारी ती आणि शिरीष बाडहूव्हडॉर्पला गेले. सुदर्शनने दारातच स्वागत केलं. तिजोरीचं पोलादी दार, कॅमेरे, बोटाचा ठसा घेणारं यंत्र, त्याने सगळं कौतुकाने दाखवलं. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं, तेवढ्यापुरतं तो बोलणं थांबवायचा. त्याची बायको स्वप्नाली तिथेच टेबलाशी बसून कंपनीचे कागद बघत होती. तिने उठून चहा दिला, चिवडा दिला.

शर्मिलाने वही उघडली. आपली अकरा बिस्किटं इथे आल्यावर ती आपलीच म्हणून कशी ओळखू येतील, असं तिने विचारलं.

सुदर्शन हसला. "वहिनी, सोनं ते सोनं. तुम्ही जेवढं वजन दिलंत तेवढं वजन परत, कधीही."

मग ते दोन टक्के कुठून येतात, असं तिने विचारलं. त्याने काही लपवलं नाही. सोनं नुसतं पडून ठेवण्यात काय अर्थ, असं तो म्हणाला. अँटवर्पच्या ओळखीच्या सराफांना ते काही महिन्यांसाठी वापरायला दिलं जायचं, त्याचं जे मिळे त्यातून हे टक्के निघत. माणसं चोख होती, आजवर एकदाही उशीर झालेला नव्हता.

"म्हणजे ते इथे नसतंच."

"असतं आणि नसतंही. तुम्हाला हवं तेव्हा येतं."

शर्मिलाने चहाचा कप खाली ठेवला. "भावजी, माझ्या दुकानात आत्ता साठ लोकांचे कपडे टांगलेत. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली आहे. उद्या माझं दुकान बुडालं, तर वसुलीवाले माझं मशीन नेतील, पण तो कोट ज्याचा आहे त्याचाच राहील. मी तो कुणाला लग्नात घालायला दिला आणि बदल्यात तसाच दुसरा देईन म्हटलं, तर चालेल का?"

"कोट वेगळा, सोनं वेगळं."

"मला वेगळं नाही वाटत."

सुदर्शनचा चेहरा उतरला. "विश्वास नाही असं सरळ म्हणा ना, वहिनी."

"विश्वास आहे म्हणून तर तुमच्या घरी हक्काने जेवायला येते," शर्मिला म्हणाली. "पण हे माझं म्हातारपण आहे. ते मी कुणाला वापरायला देणार नाही. तुम्हालाही नाही आणि शिरीषलाही नाही."

स्वप्नालीने कप उचलले. घरी पोचल्यावर शिरीषचा राग बाहेर पडला. आपण शब्द दिला होता, मित्रासमोर आपली शोभा झाली, दहा घरं ठेवतात ती सगळी काय वेडी आहेत का, असं तो बरंच बोलला. शर्मिलाने ते ऐकून घेतलं. शब्द देताना मला विचारलं होतंस का, एवढंच तिने शेवटी विचारलं. तो आणखी चिडला आणि पुढचे दोन आठवडे कामापुरतंच बोलत राहिला. शर्मिलालाही ते जड गेलं. एकदा तर तिला वाटलं, द्यावं सोडून, काय व्हायचंय. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वही उघडली.

हेगमधली एक तिजोरी-कंपनी तिला एका गिऱ्हाइकामुळे कळली. ट्रामच्या थांब्यापासून पाच मिनिटांवर, चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिजोरी शहराबाहेर एका औद्योगिक वसाहतीत होती. हूकस्ट्रा नावाची साठीची बाई तिथला कारभार बघायची; सगळे तिला मेव्ह्रौ, म्हणजे बाई, म्हणत. तिने चॉकलेट वगैरे काही दिलं नाही. प्रत्येक बिस्किटाचा नंबर ग्राहकाच्या नावावर चढतो, तो माल कंपनीच्या मालकीचा कधीच होत नाही, तो ग्राहकांच्या वतीने एका वेगळ्या संस्थेकडे ठेवलेला असतो आणि कंपनी बुडाली तरी घेणेकऱ्यांना त्याला हात लावता येत नाही, असं तिने सांगितलं. वर्षातून एकदा बाहेरचे हिशेब तपासनीस येऊन सगळं मोजून जात. दोन दिवस आधी कळवलं तर ग्राहकालाही येऊन बघता येई.

"हे सगळं लिहिलेलं आहे?" शर्मिलाने विचारलं.

मेव्ह्रौ हूकस्ट्राने चौदा पानांचा करार तिच्यापुढे सरकवला. "घरी घेऊन जा. सावकाश वाचा. न वाचता सही करणारे लोक मला आवडत नाहीत."

शर्मिलाने तो करार चार संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर पसरून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. डच कायद्याची भाषा तिच्या वर्गात कुणी शिकवली नव्हती. नववं पान तिला काही केल्या उलगडेना, तेव्हा तिने मुलीला, शलाकाला बोलावलं. शलाका सतरा वर्षांची होती. तिने पान वाचलं आणि सांगितलं की आई, हे बरोबर आहे, ते खरंच तुझंच राहतं. मग तिने विचारलं, की तू हे सगळं स्वतः वाचलंस?

अडचण बाराव्या पानावर निघाली. खातं उघडायला किमान अडीचशे ग्रॅम सोनं लागत होतं, चांदी त्यात धरत नव्हते. शर्मिलाकडे दोनशे वीस होतं. तिने फोन करून विचारलं, की तीस ग्रॅमसाठी काही करता येईल का. मेव्ह्रौ हूकस्ट्रा म्हणाली, एकाला सूट दिली की नियम राहत नाही, आणि तुम्हाला नियम पाळणारी जागाच हवी आहे ना. शर्मिलाला राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं.

म्हणजे आणखी दोन बिस्किटं, तीही सप्टेंबर संपायच्या आत. शिरीषने दिली असती, पण ती मागणार नव्हती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिमानी म्हणून एक ओळखीची बाई आली. गणपतीच्या कार्यक्रमात नाचासाठी चाळीस शिवलेल्या नऊवारी हव्या होत्या. भारतातून मागवायला उशीर झाला होता आणि इथे कुणी एवढं काम घ्यायला तयार नव्हतं. शर्मिलाने मापं कधी मिळतील एवढंच विचारलं.

तो उन्हाळा ती मशीनवरच बसून राहिली. सुट्टीला कुठे गेली नाही. सकाळी सातला सायकल काढायची, दुकान उघडायच्या आधी दोन साड्या कापून व्हायच्या, दिवसा नेहमीची दुरुस्ती, संध्याकाळी घरी येऊन काठ जोडायचे. मान धरायची, बोटं सुजायची. बैठकीच्या खोलीत हिरव्या, जांभळ्या, लाल साड्यांचे ढीग पडले. ऑगस्टमधल्या एका रविवारी ती चहा करून बाहेर आली, तर शिरीष इस्त्री तापवून उभा होता. "या निऱ्या आधी दाबायच्या की काठ?" त्याने विचारलं. निऱ्या, असं तिने सांगितलं. त्या दिवशी त्याने अकरा साड्यांना इस्त्री केली, दोन ठिकाणी चुकवली आणि ती तिने पुन्हा दाबून नीट केली. संध्याकाळी तो म्हणाला, की तुला विचारल्याशिवाय सुदर्शनला शब्द द्यायला नको होता. एवढंच. शर्मिलाने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

चाळीस साड्या गणपतीच्या दोन दिवस आधी गेल्या. पैसे आले त्याच आठवड्यात तिने दोन बिस्किटं घेतली. सप्टेंबरच्या विसाव्या तारखेला शिरीषने रजा काढली, दोघांनी लॉकर रिकामा केला आणि गाडीने हेगला गेले.

मेव्ह्रौ हूकस्ट्राच्या हाताखालच्या माणसाने प्रत्येक बिस्किटाचं आणि विटेचं वजन केलं, नंबर वाचून संगणकात घातला आणि पावती छापून दिली. शर्मिला आधीच वहीत उतरवून घेतलेले नंबर बोटाने एकेक करून जुळवत गेली. सातव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिच्या वहीत शेवटी आठ होता, पावतीवर तीन. तो माणूस म्हणाला, वजन तर बरोबर आहे ना, हे नंतर दुरुस्त करता येईल. शर्मिलाने पेन खाली ठेवलं.

"आत्ता," ती डचमध्ये म्हणाली. "मी थांबते."

पुन्हा बिस्किट काढलं गेलं, भिंग आणलं, आठच निघाला. मेव्ह्रौ हूकस्ट्राने स्वतः नवी पावती छापली, जुनी फाडली आणि त्या माणसाला तिथेच दोन शब्द सुनावले. मग शर्मिलाने सही केली. वर्षाचं भाडं सात-आठ ब्लाउजांच्या शिलाईएवढं होतं. ते तिने आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.

त्या दिवाळीला सुदर्शनकडून फराळाचं बोलावणं आलं नाही. शिरीषला वाईट वाटलं, तिलाही वाटलं. सुदर्शनची कंपनी व्यवस्थित चालली होती, लोकांना त्यांचे टक्के वेळेवर मिळत होते आणि एक-दोघांनी शर्मिलाला ते मुद्दाम सांगितलंही. ती बरं म्हणाली.

जानेवारीत, बाहेर बारीक बर्फ पडत असताना, स्वप्नाली दुकानात आली. हातात ब्लाउज होता, पण तो तिने पिशवीतून काढलाच नाही. शर्मिलाने तिला बसवलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर स्वप्नाली म्हणाली, की तिच्या आईने दिलेलं दीडशे ग्रॅम आणि तिने स्वतः नोकरीतून घेतलेलं दीडशे, असं सगळं कंपनीतच ठेवलेलं होतं. "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, शर्मिलाताई, त्यानंतर मी कागद बघितले. ते कागद मीच ठेवते, पण असे कधी बघितले नव्हते. माझं नाव कुठेच नाही. यांना मी म्हटलं, माझं मला वेगळं हवंय. एक महिना बोलले नाहीत. काल आणून दिलं."

"बोलतील," शर्मिला म्हणाली.

"बोलोत की न बोलोत. मला तुम्ही त्या बाईकडे घेऊन चला."

पुढच्या मंगळवारी दोघी ट्रामने हेगला गेल्या. स्वप्नालीने पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती आणि सगळा वेळ ती ओठांतल्या ओठांत डच वाक्यं जुळवत होती. मेव्ह्रौ हूकस्ट्राने करार पुढे सरकवला आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, की घरी नेऊन वाचा. नेते, असं स्वप्नाली म्हणाली, पण आधी तिला एक विचारायचं होतं. शर्मिला बोलायला पुढे झाली, तसं स्वप्नालीने हाताने तिला थांबवलं आणि अडखळत, शब्द शोधत, स्वतःच विचारलं:

"माझ्या खात्यातलं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढता येईल का? नवऱ्याला?"

"नाही," मेव्ह्रौ हूकस्ट्रा म्हणाली. "फक्त तुम्हाला."

हा प्रश्न शर्मिलाच्या वहीत नव्हता. तिने पर्समधून पेन काढलं आणि स्वप्नालीपुढे ठेवलं. स्वप्नालीने पहिलं पान उघडलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि तिथेच वाचायला सुरुवात केली.