नानाजींचा लाल डबा

करिष्माने कॉम्प्युटरवरचे ते डबे बंद केले तेव्हा तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. इतकं, की घरी जाताना तिने स्वतःलाच उसाचा रस पाजला. या गोष्टीला तीनच दिवस झाले होते.

सक्करदऱ्यातल्या मारोतरावांच्या मेडिकलमध्ये ती फार्मासिस्ट. मे महिन्यात दुपारी दोन ते चार तिथल्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मारोतराव घरी जाऊन, जेवून आडवे होतात, आणि दुकानात करिष्मा, कूलर आणि बिलाचा कॉम्प्युटर एवढेच उरतात. या दोन तासांवर तिची सगळी मदार होती. औषध निर्माण अधिकाऱ्याच्या परीक्षेला नऊ दिवस राहिलेले. गेल्या वेळी दीड मार्काने हुकलेली. क्लास लावायची ऐपत नाही, त्यामुळे व्हिडिओच्या साइटवर एक सर फुकट शिकवतात, तेच तिचे गुरू.

पण फुकट म्हणजे किती फुकट? सर रक्तदाबाच्या गोळ्या समजावू लागले की मध्येच कुणीतरी फ्लॅट विकायला यायचं. किडनीपर्यंत पोचेपर्यंत रमी खेळायला बोलवायचं. मग तिने दुकानाच्या त्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे एक छोटा जोडप्रोग्राम, टाकलं. महिनाभर सुखात गेला. साइटवाले काय हातावर हात धरून बसणार होते? एक दिवस पडद्याच्या मधोमध सूचनेचा डबा उघडला: जाहिराती अडवणं बंद करा, नाहीतर तीन व्हिडिओनंतर काही दिसणार नाही. डबा मिटवला की पाच मिनिटांत परत हजर. नाकावर माशी बसावी तसा.

उपाय तिला एका व्हिडिओखालच्या कॉमेंटमध्ये सापडला. कुणा विक्रमने एक ओळ दिली होती. ती एक्स्टेन्शनमध्ये चिकटवायची, की डबा दिसणंच बंद. खाली त्याने बजावलंही होतं: ओळीच्या आधी साइटचं नाव लिहा, नाहीतर सगळ्याच साइटवरचे असे डबे गायब होतील. करिष्माने ते वाचलं. नीट वाचलं, हे महत्त्वाचं. आणि तिच्या मनात आलं, सगळेच गेले तर बरंच की. तिने नाव लिहिलं नाही.

तेव्हापासून कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा वागू लागला. दुकानाचं बिलाचं सॉफ्टवेअरही त्याच ब्राउझरमध्ये चालायचं आणि त्याची कटकट काही कमी नव्हती. अमुक सिरप संपत आलंय, तमुक ग्राहकाचा आज वाढदिवस, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, प्रत्येक गोष्टीला एक डबा. तेही थांबले. बिल भराभर निघायला लागलं. तिला वाटलं, कंपनीला अक्कल आली.

गुरुवारी दीड वाजता नानाजी आले. पंचाहत्तरीचे, उमरेडजवळची शेती मुलाच्या हवाली करून तलावापलीकडच्या दोन खोल्यांत एकटे राहणारे. डाव्या गालाला पंच्याने झाकलेली सूज. दातांच्या नव्या डॉक्टरकडून थेट दुकानात. काउंटरवर तेव्हा चार जण उभे, एक बाई पोरीच्या तापासाठी घाई करत होती. करिष्माने चिठ्ठी पाहिली, नानाजींचा मोबाइल नंबर टाकला, कॅप्सूलची स्ट्रिप आणि दुखण्याची गोळी पिशवीत घातली.

"जेवून घ्या जी एक, मग रात्री एक."

नानाजींनी पिशवी घेतली आणि ते जरा रेंगाळले. काहीतरी राहून गेल्यासारखे तिच्याकडे बघत.

"आणखी काही पाहिजे का नानाजी?"

"नाई," ते म्हणाले आणि उन्हात निघून गेले.

दोन वाजता मारोतराव गेले. तिने व्हिडिओ लावला. एकही जाहिरात नाही, एकही डबा नाही. सव्वादोनच्या सुमारास सर अॅलर्जीवर आले. फळ्यावर त्यांनी पेनिसिलिन लिहिलं, त्याखाली त्याच्या घराण्यातली नावं, आणि त्यातलं दुसरंच नाव अमॉक्सिसिलिन. सर म्हणाले, एकदा ज्याचा घसा सुजला त्याला ही दुसऱ्यांदा द्यायची नाही, दुसरी वेळ पहिलीपेक्षा वाईट असू शकते.

करिष्माच्या हातातलं पेन थांबलं. हे तिला काय नवीन होतं? हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे फळा नव्हता, नानाजींचा पंचा होता, आणि त्यांच्या पिशवीत घातलेली अमॉक्सिसिलिनची स्ट्रिप.

चार वर्षांपूर्वी याच घराण्यातल्या औषधाने नानाजी दोन दिवस आयसीयूत होते. तेव्हापासून दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या नंबरापुढे तशी नोंद होती. नंबर टाकला की, नुसता खोकल्याचं चाटण घ्यायला आले तरी, पडद्यावर लाल डबा उघडायचा. दर वेळी करिष्मा मोठ्याने म्हणायची, "नानाजी, तुमचा लाल डबा आला जी." आणि दर वेळी नानाजी म्हणायचे, "येऊ दे वं. मी अजून जित्ता आहो." दुकानातले लोक हसायचे. वर्षानुवर्षं हेच.

आज ती म्हणाली नव्हती. कारण आज डबा आला नव्हता.

तिने व्हिडिओ बंद केला आणि नानाजींचा नंबर टाकला. पडदा पांढराशुभ्र. तिने ती उसनी ओळ काढून टाकली, पान पुन्हा उघडलं, नंबर टाकताना दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आला. लाल डबा भसकन उघडला. गंभीर अॅलर्जी, पेनिसिलिन वर्ग, देऊ नये. मघाशीही तो असाच आला असणार, आणि तिने त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. 

दुकानाच्या मोबाइलवरून तिने नानाजींना फोन लावला. लाइन व्यस्त. परत लावला. व्यस्त. नानाजी कुणाशी बोलतील या वेळी? की फोन हातातून पडलाय आणि चालूच राहिलाय? तिसऱ्यांदाही तेच. नानाजी दोनला जेवतात हे तिला माहीत होतं, कारण साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची म्हणून तिनेच त्यांना ती वेळ लावून दिली होती. घड्याळात दोन पंचवीस.

मारोतरावांचा एकच नियम होता, दुकानाचं शटर दिवसा खाली यायचं नाही. करिष्माने शटर अर्ध्यावर ओढलं. शेजारी शोभाताई साडीला फॉल लावत बसल्या होत्या.

"ताई, दुकानाकडे लक्ष ठेवा. मी आली."

"काहून वं, काय झालं? तोंड काहून असं झालं तुझं?"

"आल्यावर सांगते."

स्कूटीची सीट तव्यासारखी तापली होती. दुपट्टा बांधायचंही भान नव्हतं. पर्समध्ये तिने अॅलर्जीच्या गोळ्या कोंबल्या होत्या, पण घसा आवळला असेल तर त्या गिळणार कोण, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? तलावाकाठून जाताना तिने हिशोबच मांडला. एखाद्याला पाच मिनिटांत होतं, एखाद्याला तासाने. घरात दुसरं माणूस नाही. दार आतून लावलं असेल तर? देवाला नवस बोलणंही तिला सुचलं नाही. तिला एवढंच सुचत होतं, की गेल्या वर्षीच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तिने तो बरोबर सोडवला होता. आपण किती मोठे मूर्ख आहोत याची तिला इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

गल्लीत स्कूटी तिने स्टँडला न लावता भिंतीला टेकवली. दार उघडं होतं, पडदा सोडलेला.

"नानाजी!"

 ती चपलांसकट आत गेली.

नानाजी पलंगावर बसले होते. समोर स्टुलावर जेवलेलं ताट, पाण्याचा भरलेला ग्लास आणि कॅप्सूलची स्ट्रिप. स्ट्रिपचा पहिला खण फुटलेला, रिकामा. तिला दुसरं काही दिसेचना.

"घेतली का जी तुम्ही? किती वेळ झाला? तोंड उघडा. जीभ दाखवा. श्वास घ्यायला जड जाऊन राहिलं का?"

नानाजींनी कानाचा फोन खाली केला आणि ताटाजवळच्या बशीकडे बोट दाखवलं. बशीत कॅप्सूल होती. लाल-पिवळी, सबंध.

करिष्मा तिथेच फरशीवर बसली. 

"दहा मिनिटांपासून तुलेच फोन लावून राहिलो," नानाजी म्हणाले. दुखऱ्या गालामुळे शब्द अडखळत होते. "आधी लागतच नाई, मंग वाजला त कोनी उचलत नाई."

"मी तुम्हाले लावत होती, मंग गाडीवर होती."

"मंग कसा लागन?" त्यांनी गालावरचा पंचा नीट केला. "फोडली होती मी गोळी. तोंडात टाकणार, त मनात आलं, आज हे पोरगी काही बोललीच नाई. लाल डबा आला म्हणून. दुकानातच मले चुकल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, घाईत असंन. पण डबा त दर वेळी येते. मंग आज काहून नाई आला?"

खोटं बोलायला वाव होता. सॉफ्टवेअर बिघडलं म्हटलं असतं तर नानाजींनी मान डोलावली असती, मारोतरावांनीही कंपनीला दोन शिव्या हासडल्या असत्या आणि विषय मिटला असता. हे सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं, आणि ते आलं याचीही तिला चीड आली.

"मीच बंद केला होता," ती म्हणाली. "व्हिडिओवर जाहिराती येतात. त्या थांबवल्या त त्यायचा डबा यायचा. तो बंद करायले गेली, त सगळेच बंद झाले. तुमचाही."

"जाहिरातीसाठी?"

"हो जी."

 नानाजींनी तिला माफ केल्यासारखं काही दाखवलं नाही, आणि रागावल्यासारखंही नाही. बशीतली कॅप्सूल उचलून ती निरखून पाहिली, जणू एवढ्याशा वस्तूत आपलं मरण कुठे बसलं होतं ते शोधत होते. मग ती परत बशीत ठेवली.

"खरं सांगू का, तू लोकांसमोर तसं ओरडायची, ते मले आवडत नोतं. पण तू ओरडायची म्हणून आज समजलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माह्यासंगं तू बोलते वं. ज्यायच्यासंगं बोलत नाई, त्यायचं काय? किती दिवस बंद होता तो डबा?"

"तीन."

तीन दिवस. तापाच्या पोरीची ती घाईतली बाई. सोमवारी रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि दुखण्याच्या गोळ्या एकाच पिशवीत नेणारा माणूस, ज्याचं नावही तिने वाचलं नव्हतं. कुणाच्या नंबरापुढे काय लिहिलेलं होतं, तिला एकही आठवेना. आठवायचं काम डब्याचं होतं.

तिने पर्समधून दुकानाचा मोबाइल काढला. तिने मारोतरावांना लावला. बराच वेळ वाजल्यावर झोपेतला आवाज आला.

"काय झालं वं?"

"काका, दुकान अर्धं बंद करून मी नानाजीकडे आली आहे. ते बरे आहेत. पण तुम्ही आत्ता दुकानात या. सोमवारपासूनची सगळी बिलं एकेक करून उघडायची आहेत, आणि ज्याच्या नावावर लाल डबा येईल त्याले फोन करायचा आहे."

"काहून?"

तिने सांगितलं. काहीच वगळलं नाही, परीक्षेचं नाव मात्र घेतलं नाही.  मग मारोतराव एवढंच म्हणाले, "येतो. तू पोच."

ती उठली. स्ट्रिप पर्समध्ये टाकली, बशीतली कॅप्सूलही टाकली.

"दातांच्या डॉक्टरले मी फोन करते, ते दुसरं औषध देतील. तोवर दुखण्याची गोळी तेवढी घ्या. ती चालते तुम्हाले, मी पाहिलं आहे."

"पाहिलं ना?"

"आत्ता पाहिलं."

गोळीसाठी भरून ठेवलेला पाण्याचा ग्लास नानाजींनी तिच्यापुढे सरकवला. "आधी हे पी. उन्हात आली तू." तिने उभ्यानेच तो घटाघटा रिकामा केला आणि दारापर्यंत गेली.

"आणि करिष्मा," मागून नानाजी म्हणाले, "त्यायच्यातल्या कोनाले फोन लागला नाई, त घरी जाशील."